भानूताईचं मागणं

आमच्या सोसायटीत भानूताईने जिथे कधी काही मागितलं नाही, असं एकच घर होतं. आमचं.

बाकी सगळीकडे तिचा हात पोचला होता. कुणाकडून विरजण, कुणाकडून किसणी, कुणाचा मोठा टोप, कुणाची इस्त्री. एका घरातून तर तिने पूजेचा चौरंग नेला आणि त्यावर उभं राहून पंखा पुसला. हे मला त्या घरातल्या बाईनेच सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं. माझ्या चौरंगावर कुणी पाय ठेवला असता तर मी हसले नसते. पण तो प्रश्न कधी आलाच नाही.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. नेरूळमध्ये राहायला आलो तेव्हापासून जवळजवळ मीच. माझ्या घरात वस्तू जागेवर असतात. लहान शिडी, मोठी शिडी, स्क्रूड्रायव्हरचा संच, जादा एक्स्टेंशन वायर, पाहुण्यांसाठी चार गाद्या. फ्रिजवर आठवड्याची यादी असते आणि शनिवारपर्यंत ती पुरी होते. मागायचंच असेल तर माणसाने माझ्याकडे मागावं, असं माझं घर आहे. तरी भानूताई आमच्या दारावरून पुढे, वर गायकवाड बाईंकडे जायची. मी आतून तिच्या चपलांचा आवाज ऐकायची. फटाक फटाक, एक मजला, दुसरा मजला. मग बांगडीने दार वाजवल्याचा आवाज. बेल ती कधी वाजवत नसे.

भानुमती म्हात्रे तिचं नाव. माहेर खाडीपलीकडच्या मोऱ्याचं, सासर इथल्याच शिरवणे गावचं. गावातलं घर दिरांच्या वाट्याला गेलं आणि हे नवराबायको आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आले. नवरा बंदरात नोकरीला, गरीब माणूस, तिच्यासमोर बोलण्याची त्याला कधी संधी मिळाली असेल असं वाटत नाही. भानूताई ठेंगणी, रुंद, केसात अबोलीचा गजरा, डोळ्यांना चष्मा, चेहऱ्यावर पावडर जरा जास्तच. फोटो काढताना डावी बाजू पुढे करायची, कारण नाकात त्या बाजूला चमकी होती. वेळ पाळणं तिला माहीत नव्हतं. सहाची मीटिंग म्हटली की सव्वासातला यायची आणि "सुरू केलं पन?" असं आम्हालाच विचारायची. खोटं तर इतकं सहज बोलायची की ऐकणाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटावं.

उदाहरणार्थ किसणी. ती तळमजल्यावरच्या एका नव्या सुनेकडून किसणी घेऊन जिना चढत होती. मी खाली उतरत होते. त्याच सकाळी पाण्याच्या गळतीसाठी प्लंबरला घेऊन मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन आले होते. ओट्यावरच्या खिळ्याला एक नाही, तीन किसण्या टांगलेल्या होत्या.

मी म्हटलं, "भानूताई, तुमच्याकडे किसण्या आहेत की."

"हाईत ना."

"मग ही कशाला?"

"ती पोरगी नवीन आलीय. दोन महिने झाले, कोनाशी बोलत नाय. तिच्याकडं जायाला कारन नको?"

"नुसतं जाऊन बोलायचं."

भानूताईने माझ्याकडे पाहिलं. एखादं मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा शिक्षक पाहतात तसं. "नुसतं गेलं की मानूस बोलतो, या बसा. काही मागलं की मानूस उठतो, शोधतो, म्हनतो, थांबा हं, इथंच हुती. मंग बोलतो."

आणि ती गेली. दोन दिवसांनी किसणी परत करायला जाणार, हेही मला ठाऊक होतं. कारण तिचा नियम होता: नेलेलं लगेच आणायचं नाही, आणि रिकामं आणायचं नाही. वाटी नेली की वाटीतून काहीतरी यायचं. सुकटीची चटणी, नाहीतर शाकाहारी घर असेल तर शेवग्याच्या शेंगांचं पिठलं. म्हणजे एका विरजणाच्या दोन खेपा. एक मागायची, एक द्यायची. दुसऱ्या खेपेला त्या घरातलं माणूस आपणहून म्हणायचं, अहो, पुन्हा लागलं तर न्या हं.

माझ्याकडे लोक पुन्हा येत नाहीत. काम झालं की येत नाहीत. मी काम पहिल्या खेपेलाच करून देते.

गायकवाड बाईंचं तर मला फारच लागलं. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या मराठवाड्यातल्या. त्यांचे यजमान गेले. मी पहिल्या दिवसापासून तिथे होते. मृत्यूच्या दाखल्यापासून पेन्शन वळवण्यापर्यंत, बँकेचं, गॅसचं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलण्याचं, सगळं मी केलं. बाई हात जोडून म्हणाल्या, "तुमचे उपकार आहेत मॅडम." त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं. दूधवाल्याला पिशवी बाहेर टांगून ठेवायच्या. मी दोनदा बेल वाजवली. आतून आवाज आला, "सगळं ठीक आहे मॅडम."

मग भानूताई गेली आणि त्यांचा बिडाचा तवा मागितला. म्हणाली, माझ्या तव्यावर घावन चिकटतात. दर शनिवारी तवा न्यायची, रविवारी आणून द्यायची. तिसऱ्या आठवड्यात गायकवाड बाई स्वतः तवा घेऊन खाली उतरल्या. जिन्यात मी भेटले तर म्हणाल्या, "भानू वाट बघत असेल." आणि त्या तिच्या ओट्यापाशी उभ्या राहून घावन घालायला लागल्या.

भानू. मला मॅडम, आणि तिला भानू.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "तुला तवा नकोय ना पण?"

"प्रश्न तव्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

आता निवडणुकीकडे येते, कारण खरं तिथेच सगळं झालं.

बरीच वर्षं आमच्याकडे महापालिकेची निवडणूक झालीच नव्हती. नगरसेवक नव्हते. गटार तुंबलं, दिवे गेले, तर वॉर्ड ऑफिसात जायचं. जात कोण होतं? मी. अर्ज लिहायचा, पोच घ्यायची, आठ दिवसांनी पुन्हा जायचं. आमच्या सेक्टरमधल्या दोन गल्ल्यांचे दिवे, बागेचं कुंपण, नाल्यावरचं झाकण, ही माझी कामं. त्यामुळे निवडणूक जाहीर झाली, एका प्रभागातून चार नगरसेवक अशी पॅनल पद्धत आली आणि आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी निघाली, तेव्हा ती जागा माझी आहे हे मी गृहीत धरलं होतं. मला नगरसेविका व्हायचं होतं. अगदी मनापासून. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीसाठी रांगेत उभी राहिले, एकदा सही माझी असावी असं वाटत होतं.

आमच्या भागातले पक्षाचे पुढारी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, मला म्हणाले, "मॅडम, तुमचं काम एक नंबर. ठाण्याहून निरीक्षक येणारेत. त्यांना जरा फिरवा सेक्टरमध्ये."

मी त्यांना फिरवलं. कुठून सुरुवात, कुठे चहा, कुठे कुंपण दाखवायचं, सगळं ठरवून. पण आधी घरं घेतली, तिथेच माझा घात झाला. पहिल्या दारात एक गृहस्थ आले, मला बघून त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, मेंटेनन्स भरलाय आम्ही. गेल्याच आठवड्यात." दुसऱ्या दारात बाई म्हणाल्या, "कुंड्या काढते मॅडम पॅसेजमधल्या, संध्याकाळपर्यंत काढते." तिसऱ्या दारात आतून मुलाचा आवाज आला, "आई, सामंत मॅडम आल्यात, पार्किंगचं असेल." निरीक्षक शांत माणूस होते. नुसते माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसणं मला अजून दिसतं.

तेवढ्यात जिन्यात भानूताई. समोर एक अवाढव्य टोप, कुणाच्या तरी घरच्या कार्यक्रमाचा. तिने निरीक्षकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाऊ, जरा एक कान धरा."

"माझा?" निरीक्षक दचकले.

"टोपाचा हो! तुमचा कान धरून काय करू?"

ठाण्याहून आलेले निरीक्षक, पांढरा शर्ट, खिशाला पेन, टोपाचा एक कान धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. मी फाइल घेऊन मागे. वाटेत प्रत्येक दार उघडत होतं. "भानूताई, आमची वाटी राहिली हं!" "भानूताई, हे कोण, पाहुणे का?" "भानू, उद्या येतेस ना?" वर पोचेपर्यंत निरीक्षकांच्या हातात कुणीतरी सरबत दिलं होतं आणि कुणीतरी त्यांना रुमालाने वारा घालत होतं. ते घाम पुसत मला म्हणाले, "या बाई काय करतात?"

मी खरं तेच सांगितलं. "काही नाही. मागत फिरतात."

ते म्हणाले, "आपल्याला तेच करायचं असतं मॅडम."

तिकीट भानूताईला मिळालं. तिने अर्जसुद्धा केला नव्हता. आप्पांनी बोलावून घेतलं तेव्हा ती तासभर उशिरा गेली, आणि मी ऐकलं ते असं, की "आमच्या मॅडम असताना मी कशाला?" असं म्हणाली. हे तिने खरंच म्हटलं असेल तर मला ते जास्तच झोंबलं.

आणि मला काय मिळालं? मला डमी अर्ज भरायला सांगितलं. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर पक्षाची जागा रिकामी राहू नये, म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज भरून ठेवतात. त्याला डमी म्हणतात. मी भानूताईची डमी होते. तिचा अर्ज मीच तपासून दिला होता, त्यामुळे तो बाद होण्याचा प्रश्न नव्हता. छाननीत तो पास झाला. माझाही पास झाला, अपक्ष म्हणून. आता मी तो मागे घेतला नाही तर मी तिच्याविरुद्ध उभी.

मागे घ्यायची मुदत दुपारी तीनची होती.

त्या सकाळी आमच्या फोनला उसंत नव्हती. आप्पांचा फोन. निरीक्षकांचा फोन. "मॅडम, समजून घ्या. मॅडम, पुढच्या वेळी." मी म्हणत होते, विचार करते. विचार झालेला होता. मी ठरवलं होतं की भानूताई माझ्या दारात येईल आणि म्हणेल, मॅडम, अर्ज मागं घ्या. आणि मी घेईन. लगेच घेईन. पण तिने मागायला पाहिजे. सगळ्या जगाकडे मागते ना, मग माझ्याकडेही माग.

दहा वाजले, अकरा वाजले. चपलांचा आवाज आला. फटाक फटाक. आमच्या दारावरून वर गेला.

बारा वाजता मीच खाली उतरले आणि तिच्या दाराची बेल वाजवली.

ती ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. निवडणुकीला उभी असलेली बाई, दारात गाड्या, आणि ही बोंबील साफ करते.

"भानूताई, आज मुदत आहे. तुम्हाला माहीत आहे?"

"हाय ना माहीत. आप्पाचा सतरांदा फोन आला. म्हनतो, मॅडमकडं जा, पाया पड."

"मग का नाही आलात?"

ती हात धुवायला लागली. सावकाश धुतले. "मॅडम, मी वाटी मागते ती परत करते. तवा नेते तो परत आनते. तुमचा अर्ज मागं घ्या म्हनून मागू, नि मंग परत काय देऊ? नगरसेवकपद वाटीत घालून आनू?"

तिने पदराला हात पुसले.

"जे परत करता येत नाय ते मी मागत नाय. तुमी उभ्या ऱ्हावा. मी बी हाय. लोक ठरवतील."

मग माझ्या तोंडून जे यायचं ते आलं. "तुम्ही माझ्याकडे कधीच काही का मागितलं नाहीत? इतक्या वर्षांत?"

"मागली व्हती," ती म्हणाली. "आलो तेव्हा, पयल्याच आठवड्यात. शिडी. तुमी दिली पन लगेच. नि विचारलं, परत कधी आनाल?"

मला ते आठवत नाही. पण मी तसं विचारलं असणार. मी अजूनही विचारते. त्यात वावगं काय आहे, तेही मला त्या क्षणी कळलं नाही. परत कधी, हे ठरलेलं असलं की दोघांनाही सोपं पडतं.

भानूताई म्हणाली, "मंग शिडी त्याच दिवशी दुपारी आनून दिली. रिकामीच. शिडीत काय घालून आननार?" आणि ती खदखदून हसली. मला हसू आलं नाही.

मी अडीच वाजता जाऊन अर्ज मागे घेतला. आमच्या सेक्टरमध्ये अजून सांगतात की सामंत मॅडमनी मोठं मन दाखवलं. खोटं आहे ते. मी जिना चढताना मनातल्या मनात आमच्या इमारतीतली घरं मोजली. माझ्या बाजूने एक धरलं, आमचंच, आणि तेही नवऱ्याला विचारलं नव्हतं. तिच्यासमोर पडायचं नव्हतं मला. बस, एवढंच.

प्रचार मात्र मी हातात घेतला. घरी बसून तिच्या घोषणा ऐकणं मला जमलं नसतं. मार्ग मी आखले, मतदारांच्या चिठ्ठ्या इमारतीप्रमाणे लावल्या, रिक्षावरच्या भोंग्याची वेळ ठरवली. आणि पहिल्याच दिवशी कळलं की आमची उमेदवार मत मागू शकत नाही.

मागायलाच तयार नव्हती. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, मागे पाच-पंचवीस बायका. दार उघडलं की भानूताई हात जोडायची आणि गप्प. घरमालक वाट बघायचा. ती इकडेतिकडे बघायची आणि म्हणायची, "वैनी, विरजन हाय का?"

शेवटी मीच पुढे व्हायची. "ही आमची भानूताई. हिला मत द्या." एका दारात, दुसऱ्या दारात, दिवसभर. ज्या बाईने आयुष्यात कुणाकडे साखरही मागितली नाही, ती मी, भानूताईसाठी दारोदार मागत होते. ती जागा मला हवी होती आणि मी ती तिच्यासाठी मागत होते. संध्याकाळी घसा बसायचा.

आमच्या इमारतीच्या बाहेर, टॉवरमध्ये, तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथे एका गृहस्थांनी दार अर्धं उघडून विचारलं, "नक्की उभं कोण आहे? तुम्ही का या?"

"या," मी भानूताईकडे बोट दाखवून म्हटलं.

"मग त्या का बोलत नाहीत? आणि निवडून आल्यावर दिसणार आहेत का? सगळे मत घेतात नि गायब होतात."

भानूताई पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. "दादा, तुमची एक वाटी द्या."

"वाटी?"

"स्टीलची द्या, काचेची नको. मंग मला यावंच लागल ना परत. कोनाची वाटी मी ठेवून घेत नाय."

तो माणूस आधी हसला, मग आत गेला आणि खरंच वाटी घेऊन आला. समोरच्या दारातल्या बाईंनी ऐकलं, त्यांनीही दिली. त्या दिवसापासून आमचा प्रचार बदलला. इतर उमेदवार घराघरात काहीतरी देत फिरत होते. आमची उमेदवार घराघरातून वाटी घेत फिरत होती.

व्हायचं तेच झालं. कुणीतरी तक्रार केली आणि भरारी पथकाने आमची गाडी अडवली. मागची सीट भरून स्टीलच्या वाट्या. पथकाचे साहेब खूश झाले, त्यांना सापडायचं ते सापडलं होतं.

"मतदारांना भांडी वाटताय?"

"वाटत नाय साहेब, गोळा करतोय," भानूताई म्हणाली.

"कुणाला सांगता? एवढ्या वाट्या घेऊन कोण फिरतं?"

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. गुन्हा दाखल झाला असता तर सगळं तिथेच आटोपलं असतं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात एक क्षण येऊन गेला की मी अर्ज मागे घ्यायला नको होता. पण दुसऱ्या क्षणी मी वाटी उचलली आणि उलटी केली. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. मी मोठ्याने वाचलं, "सौ. शैलजा, डोहाळजेवण." दुसरी, "कै. बाबांच्या स्मरणार्थ." तिसरी, "गृहप्रवेश." चौथीवर नुसतं "गायकवाड."

"साहेब, वाटायला आणलेल्या भांड्यांवर वेगवेगळी नावं कोण घालतं? तेही इतकी जुनी?"

साहेबांनी स्वतः चार-पाच वाट्या उलट्या करून पाहिल्या. मग एक वाटी हातात धरून विचारलं, "हे कशासाठी करता बाई तुम्ही?"

"परत जायाला," भानूताई म्हणाली.

त्यांनी गाडी सोडली. मी सगळ्या वाट्या पुन्हा इमारतीप्रमाणे लावून ठेवल्या. लावताना प्रत्येक नाव वाचलं. आमच्या सगळ्या इमारतीतली नावं होती, सगळ्या टॉवरमधली होती. सामंत नव्हतं. मी एवढं तिच्यासाठी मागितलं, पण माझी वाटी तिने मागितली नव्हती, आणि मी आपणहून द्यायला गेले नव्हते. द्यायला काय हरकत होती? काही नाही. पण दिली नाही. मागितल्याशिवाय द्यायची मला सवय नाही.

ती निवडून आली. चांगल्या मतांनी आली.

आता तिला मी बॅनरवर बघते. चौकात, स्टेशनच्या बाहेर, डावी बाजू पुढे, हात जोडलेले. अजून पहिल्या मजल्यावरच राहते, पण घरात कमी असते. दारात लोक बसलेले असतात. आता सगळे तिच्याकडे मागतात. गायकवाड बाई तवा घेऊन खाली उतरतात आणि बऱ्याचदा तसाच परत घेऊन येतात. मला याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं.

जवळून पाहिली ती शेवटची, मिरवणुकीच्या दिवशी. उघडी जीप, ढोल-ताशे, गुलाल. आप्पांना मिरवणूक सरळ शिरवणे गावात न्यायची होती. भानूताई ऐकेना. जीपमध्ये तिच्या पायाशी गोणी होती, गोणीत वाट्या, आणि प्रत्येक टॉवरच्या खाली ती जीप थांबवायला लावत होती. ढोलवाल्यांना समजेना वाजवायचं की थांबायचं. आप्पा ओरडत होते, "ताई, उद्या द्या ना! माणूस पाठवून देतो!"

"मानूस कशाला? वाटी मी घेतली."

मी जीपच्या बाजूला उभी राहून वाट्यांवरची नावं वाचत होते, कारण तिच्या चष्म्यावर इतका गुलाल बसला होता की तिला काही दिसत नव्हतं. मी नाव वाचायची, ती वाटीत पेढा ठेवायची, खालून कुणीतरी हात वर करायचं. शैलजा. बाबांच्या स्मरणार्थ. गृहप्रवेश. शेवटची वाटी गेली, गोणी रिकामी झाली. जीप सुरू झाली. तेवढ्यात कुणीतरी पुन्हा मूठभर गुलाल उधळला आणि तो चष्म्याच्या वरून सरळ तिच्या डोळ्यात गेला.

डोळे मिटून, जीपची दांडी धरून, तिने माझ्या दिशेने हात पुढे केला.

"मॅडम, रुमाल द्या."

माझा रुमाल इस्त्रीचा असतो, घडी मोडलेली नसते. मी दिला. तिने चष्मा काढला, डोळे पुसले, तोंड पुसलं, मग त्यातच जोरात नाक शिंकरलं आणि रुमाल कमरेला खोचला. पांढऱ्या रुमालाची निळी किनार साडीच्या निऱ्यांपाशी दिसत होती. ढोल पुन्हा सुरू झाला, जीप वळली.

माझं तोंड उघडलेलं होतं. शिडीच्या वेळचाच प्रश्न सवयीने अगदी ओठांपर्यंत आला होता. मी तोंड मिटलं, आणि जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती निळी किनार बघत राहिले.